लेकरांच्या तोंडी आमची भाषणं किती दिवस?

१४ एप्रिलच्या संध्याकाळी पाचोडला या, नाहीतर पैठण तालुक्यातल्या कोणत्याही गावात जा. विहारासमोर मांडव असतो, माईक असतो आणि मिरवणुकीआधी लहान मुलांची भाषणं असतात. पाचवीतली एखादी मुलगी पांढरा ड्रेस घालून उभी राहते आणि न अडखळता तीन मिनिटं बोलते. टाळ्या पडतात, बक्षीस मिळतं, आईच्या डोळ्यांत पाणी येतं. ते भाषण लिहून देणारे आम्ही असतो.

मागच्या जयंतीला अशाच एका मुलीला पहिलं बक्षीस मिळालं. भाषणात 'शोषणविहीन समाजरचना' असा शब्द होता. ती खाली उतरली तेव्हा आमच्यातल्या एका ताईने सहज विचारलं, "बाळा, शोषण म्हणजे काय गं?" पोरगी गोंधळली. मग म्हणाली, "ते तुम्हीच लिहून दिलं होतं ना ताई."

काही दिवसांनी त्याच मुलीची शाळेतली निबंधाची वही आमच्या हाती आली. विषय होता 'माझे बाबा'. निबंधातले बाबा रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला जातात, संध्याकाळी येताना खाऊ आणतात आणि रविवारी सगळ्यांना बागेत नेतात. या मुलीचे बाबा वर्षातले पाच-सहा महिने ऊसतोडीला असतात आणि उरलेले महिने मोसंबीच्या बागांत रोजंदारी करतात. निबंध फळ्यावर लिहून दिलेला होता. तिने तो सुवाच्य अक्षरात उतरवला. खाली लाल शाईत बरोबरची खूण होती आणि 'छान' असा शेरा होता.

शाळेने तिला दुसऱ्याचा बाप लिहायला लावला. आम्ही तिला दुसऱ्याचं भाषण बोलायला लावलं. दोन्हीकडे तिचं कौतुक झालं आणि दोन्हीकडे तिला स्वतःचं एक वाक्य सुद्धा लिहू दिलं गेलं नाही. शाळेवर टीका करणं आम्हाला चांगलं जमतं. या लेखात आम्ही आधी स्वतःवर टीका करणार आहोत आणि मग पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्षभर लिहायला कसं शिकवायचं याचा आराखडा मांडणार आहोत. तो आमच्या पाचोडच्या अनुभवातून आला आहे. तुमच्या गावात तो जसाच्या तसा चालणार नाही. तो तपासा, मोडा, बदला, पण हा विषय 'शिक्षकांचं काम' म्हणून सोडून देऊ नका.

लिहिणारा कोण आणि वाहून नेणारा कोण?

जुन्या गावगाड्यात गावचं दप्तर कुलकर्ण्याकडे असे. गावची शीव महाराला पाठ असे. शिवेचा तंटा झाला की त्याची साक्ष मानली जाई. सरकारी कागद, टपाल, वसुलीची रक्कम पोहोचवायची ती त्यानेच. म्हणजे ज्ञान त्याच्याकडे होतं, कष्ट त्याचे होते, जबाबदारीही त्याच्यावर होती. फक्त लेखणी त्याच्या हातात नव्हती. तो पत्र वाहून न्यायचा आणि त्यात काय लिहिलं आहे ते त्याला ठाऊक नसायचं. अर्थ न कळता दुसऱ्याचे शब्द वाहून नेणं ही आपल्यावर लादलेली जुनी वेठ आहे. फळ्यावरचा निबंध उतरवणारं लेकरू आणि आमचं भाषण पाठ करणारं लेकरू तीच वेठ नव्या गणवेशात करत आहे.

ही वेठ एका शाळकरी मुलीने मोडली त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. मुक्ता साळवे ही पुण्यात जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली सुमारे चौदा वर्षांची मुलगी. तिचा 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापून आला. वेद आमचे नाहीत असं सांगता, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल त्यात आहे. आपल्या बायका उघड्यावर बाळंत होतात याचं दुःख त्यात आहे. मुक्ताचं नाव आपण भाषणांत नेहमी घेतो. पण तिच्या शिक्षणाबद्दल एक गोष्ट आपण लक्षात घेत नाही. त्या शाळेत तिला 'आदर्श निबंध' उतरवायला लावला असता तर हा निबंध जन्मालाच आला नसता. तिला अक्षरं शिकवली गेली आणि त्या अक्षरांत स्वतःच्या वस्तीचं दुःख लिहायची मोकळीक मिळाली. यातली पहिली गोष्ट आज सरकारी कायद्याने मिळते. दुसरी अजून मिळायची आहे.

बाबासाहेबांनी २८ व्या वर्षी, ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केलं. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढलं तेव्हा त्यातला बराचसा मजकूर ते स्वतः लिहीत. एवढ्या व्यापातल्या माणसाला रकाने भरत बसायची काय गरज होती? दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांत आपल्याबद्दल दुसरेच लिहितात, हे त्यांना सलत होतं. पाचोडहून हायवेने वर गेलं की संभाजीनगरात त्यांनी उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय आहे. बौद्ध परंपरेतला राजा मिलिंद ओळखला जातो तो नागसेनाला विचारलेल्या प्रश्नांसाठी. त्याच शहरात डॉ. गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' वाढलं आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेली पहिली-दुसरी शिकलेली पिढी तिथे लिहिती झाली. या वारशावर आपण अभिमानाने बोलतो. पण त्या पिढीच्या नातवंडांच्या वह्या उघडून पाहिल्या आहेत का?

वहीत काय दिसतं

आम्ही पाहिल्या. आमच्या वस्तीतल्या आणि जवळच्या वाड्या-तांड्यांवरच्या मुलांच्या वह्या भरलेल्या असतात. पाहून लिहा, श्रुतलेखन, प्रश्नोत्तरं, रिकाम्या जागा. अक्षर वळणदार असतं. पण मुलाने स्वतः विचार करून लिहिलेलं वाक्य शोधायला गेलं तर पानंच्या पानं उलटावी लागतात.

यात शिक्षकांना खलनायक करून भागणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शाळाबाह्य कामं देता येत नाहीत. तरी ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं आणि फोटो अपलोड करण्यात त्यांचा दिवस कसा जातो ते जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत बसून पाहा. दोन-तीन वर्ग एकत्र घेणाऱ्या गुरुजींना पन्नास मुलांचे पन्नास वेगळे निबंध वाचण्यापेक्षा फळ्यावर एक निबंध लिहिणं सोपं जातं. वरून जे मोजलं जातं तेच खाली शिकवलं जातं. तिसरीपर्यंत मुलाला वाचता यावं, आकडेमोड यावी, यासाठी २०२१ पासून 'निपुण भारत' आहे आणि त्याचं उद्दिष्ट चांगलंच आहे. पण मिनिटाला किती शब्द वाचले ते मोजता येतं. स्वतःचं किती लिहिलं ते मोजायला वही वाचावी लागते, आणि वाचायला वेळ लागतो.

कोऱ्या पानांचीच गोष्ट घ्या. २०२३-२४ मध्ये राज्य सरकारने पाठ्यपुस्तकांतच 'माझी नोंद' अशी कोरी पानं जोडली. दोन वर्षांत ती पानं पुन्हा काढून टाकायचा निर्णय झाला. पानं देऊन लेखन येत नाही. त्या पानावर काय लिहायचं, कशासाठी, कोण वाचणार, याचं उत्तर कुणीच दिलं नव्हतं. 'माझी नोंद' या नावातला 'माझी' शिकवायचा राहूनच गेला.

आमची गेल्या वर्षीची चूक

गेल्या जूनमध्ये आम्ही विहारात संध्याकाळचा लेखनवर्ग सुरू केला. उत्साह दांडगा होता. बावीस मुलं यायची. आम्ही मार्चपर्यंतची योजना कागदावर आखली होती: आधी वर्णन, मग पत्र, मग गोष्ट, मग निबंध. शेवटी मुलांच्या लेखनाची पुस्तिका. दिवाळी झाली आणि वर्गात नऊ मुलं उरली. बाकीची आईबापांबरोबर ट्रकमध्ये बसून कारखान्यांच्या दिशेने गेली होती.

मुकादमाकडून उचल घेतलेल्या घरांत दसऱ्यापासून बांधाबांध सुरू होते आणि पाडव्याच्या आगेमागे माणसं परततात, हे आम्हाला माहीत नव्हतं का? आमच्यातल्या निम्म्यांचं बालपण असंच गेलं आहे. तरी योजना करायला बसलो तेव्हा आम्ही शाळेचं कॅलेंडर समोर ठेवलं, वस्तीचं नाही. ते कॅलेंडर ज्यांची मुलं वर्षभर एका जागी राहतात त्यांच्यासाठी बनलेलं आहे. आमच्या योजनेतली सगळ्यात महत्त्वाची कामं दिवाळीनंतर होती. म्हणजे ज्यांना त्यांची सगळ्यात जास्त गरज होती, नेमकी तीच मुलं योजनेतून आपोआप गळाली. कुणाला वगळायचं असं ठरवावंही लागलं नाही. व्यवस्था अशीच चालते, आणि त्या दिवशी ती आमच्या हातून चालली.

तरीही वर्षभराच्या आखीव शिकवणीवरचा आमचा विश्वास उडालेला नाही. त्याचं कारण आमच्याच गावात आहे. 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड' या संस्थेने नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस या भागातल्या किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचा एक वर्षाचा वर्ग चालवला. आठवड्याचे पाच दिवस, रोज संध्याकाळी एक तास. १९९७ ते २००१ या काळात त्या गावांतल्या मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष ऐकायला थोडं वाटतं. ज्या मुलीच्या वाट्याला ते आलं तिला विचारा. रोजचा एक तास नेमाने दिला तर काय हलतं, हे पाचोडने पाहिलेलं आहे.

वर्षाचा आराखडा

आधी वेळेचा हिशोब करू. कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. रोज अर्धा तास स्वतःच्या लेखनाला दिला तर १०० तास होतात, म्हणजे आठवा हिस्सा. ही मागणी अवाजवी नाही. शाळा देत नसेल तर तोवर हा अर्धा तास विहारात, अभ्यासिकेत, समाजमंदिरात आपण द्यायचा.

*जून-जुलै : आपले शब्द.* पहिल्या दिवशी निबंध नको. पहिली-दुसरीच्या मुलाने चित्र काढावं आणि त्याबद्दल बोलावं. ताईने किंवा दादाने त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहावं आणि त्याने ते बोट ठेवून वाचावं. 'मी बोललो ते लिहिता येतं' हा शोध त्याला लागला की अर्धं काम झालं. तिसरी ते पाचवीच्या मुलांनी घरातले शब्द गोळा करावेत: कोयता, पाचट, वाढे, कोपी, उचल, चुंबळ. ज्या वस्तूंमध्ये लेकरू वाढतं त्या वस्तूंची नावं त्याने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहावीत. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेअरे यांनी १९६३ साली अँजिकोस या गावात सुमारे ३०० मजुरांना काही आठवड्यांत लिहा-वाचायला शिकवलं ते याच वाटेने. त्यांच्या पद्धतीत मजुरांच्या जगण्यातला 'वीट' हा शब्द धडा होत असे आणि वीट कोण बनवतो, घर कोणाचं होतं, यावर चर्चा व्हायची.

*ऑगस्ट-सप्टेंबर : पाहिलेलं आणि विचारलेलं.* या काळात पाचोडच्या बाजारात आंबे बहाराची मोसंबी येते. मुलांना घेऊन बाजारात जा. काय दिसलं, कशाचा वास आला, कोण काय बोललं, कोण गप्प होतं, हे चिठ्ठ्यांवर टिपू द्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. मग सगळ्यांच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडा, सारख्या चिठ्ठ्या एकत्र करा, क्रम लावा आणि सगळ्यांनी मिळून एक पान लिहा. ही आमची युक्ती नाही. इटलीच्या डोंगरातल्या बार्बियाना गावच्या शाळेतल्या आठ मुलांनी अशाच चिठ्ठ्यांतून शिक्षणव्यवस्थेला सवाल करणारं पुस्तक लिहिलं. ते १९६७ साली आलं आणि मराठीत 'प्रिय बाई' या नावाने वाचायला मिळतं. ती मुलं शेतकऱ्यांची होती आणि सरकारी शाळेने त्यांना नापास करून बाहेर काढलं होतं. त्यानंतर प्रत्येक मुलाने आजीला पाच प्रश्न विचारून तिची उत्तरं लिहावीत. आजीला लिहिता येत नसेल, तर आजीचं पहिलं लिखाण नातीच्या हातून होईल.

या चार महिन्यांत मुलाचं लेखन पायावर उभं राहिलंच पाहिजे. आमची गेल्या वर्षीची योजना इथेच फसली होती. जे अत्यंत आवश्यक आहे ते दिवाळीआधी झालं पाहिजे, कारण त्यानंतर निम्मा वर्ग आपल्यासमोर नसेल.

*ऑक्टोबर : पत्र.* १४ ऑक्टोबर हा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. त्या आठवड्यात प्रत्येक मुलाला पत्र लिहायला शिकवा: तारीख, ठिकाण, कोणाला, काय सांगायचं आहे, शेवटी स्वतःचं नाव. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक लेकराच्या पिशवीत एक शंभर पानी वही, दोन पेन्सिली आणि विहाराचा पत्ता लिहिलेली दहा पोस्टकार्डं ठेवा. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. शाळेकडून त्या मुलांचं शिक्षण हमी पत्र मागून घ्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येईल. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होत असेल तर त्यासाठी आधी भांडा. लेकरू गावात राहिलं तर सगळ्यात चांगलं.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी : दोन वर्ग, एक वही.* जी मुलं गेली ती 'कोपीची वही' लिहितील. रोज एक ओळ: आज कोणत्या गावात आहोत, आईने काय केलं, थंडी किती होती, नवा शब्द कोणता ऐकला. आठवड्याला एक पोस्टकार्ड विहारात येईल आणि मागे राहिलेली मुलं ते मोठ्याने वाचून उत्तर लिहितील. फडाची जागा बदलत राहते, म्हणून उत्तराचा फोटो आईबापांच्या मोबाईलवर पाठवायचा. काही कार्यकर्ते म्हणाले, मुलांना टनाचा हिशोबही लिहू द्या, मुकादमाच्या वहीला उत्तर मिळेल. आम्ही याला नाही म्हटलं. हिशोबासाठी लढायचं तर मोठ्यांनी लढावं, दहा वर्षांच्या लेकराला पुढे करू नये. पण तारीख घालून रोज लिहायची सवय लागलेलं मूल मोठं झाल्यावर कोऱ्या कागदावर अंगठा देणार नाही, एवढं नक्की.

गावात राहिलेल्या मुलांनी या काळात अर्ज लिहायला शिकावं. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाला प्रास्ताविकेचं सामूहिक वाचन आपण करतोच. त्याला जोडून प्रत्येक मुलाने एक खरा अर्ज लिहावा: वस्तीतल्या हातपंपाबद्दल, शाळेच्या संडासाच्या दाराबद्दल. आणि तो खरंच ग्रामपंचायतीत द्यावा, पोच घ्यावी. आपण लिहिलेल्या कागदावर शिक्का बसतो हे पाहिलेल्या मुलाला लेखनाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला भित्तिपत्रकाचा पहिला अंक काढा आणि ३१ जानेवारीला, मूकनायक दिनी, दुसरा. 'मूकनायक' पाक्षिक होतं, तसंच भित्तिपत्रक पुढे दर पंधरा दिवसांनी. १५ फेब्रुवारीला मुक्ता साळवेचा निबंध मुलांना वाचून दाखवा आणि विचारा: मुक्ता आज आपल्या वस्तीत असती तर कशाविषयी लिहिलं असतं?

*मार्च-एप्रिल : पुन्हा लिहिणं.* परतलेल्या मुलांच्या कोपीच्या वह्या आणि गावातल्या मुलांची भित्तिपत्रकं एकत्र वाचा. प्रत्येकाने वर्षातलं आपलं एक लिखाण निवडावं आणि ते तीनदा लिहावं. पहिल्यांदा मनात येईल तसं. दुसऱ्यांदा मित्राला वाचून दाखवून, त्याला जे कळलं नाही ते भरून. तिसऱ्यांदा शुद्धलेखन आणि विरामचिन्हं पाहून. मूल्यमापन म्हणजे त्याच मुलाचं जूनमधलं पान आणि मार्चमधलं पान शेजारी ठेवणं. त्याची तुलना त्याच्याशीच. पहिला नंबर कुणाचाच नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच मित्रांचा आहे. शुद्धलेखन ही पुण्या-मुंबईच्या उच्चवर्णीयांनी लादलेली गोष्ट आहे, मग मुलांना ती कशाला शिकवायची? दुसऱ्या टोकाला काही पालक म्हणतात, पोरगं 'व्हतं, गेल्तं, म्हनला' लिहायला लागलं तर परीक्षेत मार कोण खाणार? आमचं उत्तर दोघांनाही आहे. पहिल्या लिखाणात लाल पेन चालणार नाही. लेकराने 'माय कामाला गेल्ती' असं लिहिलं तर ते खरं वाक्य आहे आणि फळ्यावरच्या खोट्या वाक्यापेक्षा हजार पटीने मोलाचं आहे. पण तिसऱ्या लिखाणात 'आई कामाला गेली होती' हेही त्याला यायलाच हवं. प्रमाणभाषेत अर्ज लिहिता आला नाही म्हणून ज्यांची कामं अडली त्यांना विचारा. प्रमाणभाषा नाकारण्याची चैन आपल्याला परवडत नाही. घरची भाषा काढून न घेता बाजारची भाषा द्यायची. एका वेळी एकच चूक दाखवायची. पानभर लाल रेघा पाहिलेलं मूल पुढच्या वेळी कमी लिहितं, कारण कमी लिहिलं की कमी चुकतं.

दुसरा आक्षेप: आता जमाना इंग्रजीचा आहे, मराठी लेखनात वर्ष कशाला घालवायचं? इंग्रजी हवीच. बाबासाहेबांनी जगाला ऐकवलं ते इंग्रजीतूनच. पण ज्याला स्वतःच्या भाषेत चार वाक्यं मनाने जुळवता येत नाहीत तो इंग्रजीतही फळाच उतरवणार. बाबासाहेबांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिले आणि आपल्या माणसांसाठी मराठीत पाक्षिक काढलं. त्यांनी दोन्ही केलं.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. हे काम सरकारचं आहे. ते आपण विहारात करू लागलो तर सरकारला मोकळं रान मिळेल, आणि आधीच कमी पटाच्या नावाखाली शाळांवर टांगती तलवार आहे. हे खरं आहे. म्हणून विहारातला वर्ग हा शाळेला पर्याय होता कामा नये, शाळेवरचा दबाव व्हायला हवा. कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा बनवायचं काम याच समितीचं आहे. आपल्या किती आयाबाया त्या समितीत आहेत? असतील तर बैठकीत बोलतात, की घरी आलेल्या रजिस्टरवर सही करतात? जूनच्या पहिल्या बैठकीत एक ठराव मांडा: रोज अर्धा तास स्वतंत्र लेखन, फळ्यावरचा निबंध बंद, आणि स्थलांतरित मुलांच्या वह्यांची नोंद. विहारात तयार झालेल्या मुलांच्या वह्या त्या बैठकीत घेऊन जा. गुरुजींशी भांडायला जाऊ नका, त्यांच्यासोबत बसा. वह्या वाचायला मदत हवी का, हे आधी विचारा. त्यांच्यातले बरेच जण आपल्याच घरांतून आलेले आहेत.

आता आपल्याकडे वळू

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण भिंतींवर रंगवलं. यातल्या 'शिका'चा अर्थ हळूहळू 'पास व्हा' असा झाला, मग 'सर्टिफिकेट मिळवा' असा. आणि चळवळीच्या कार्यक्रमांत तर 'पाठ करा' असा. जयंतीच्या डीजेवर किती खर्च होतो याचा हिशोब आपण एकमेकांना विचारत नाही. त्याच वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढला तर वस्तीतल्या प्रत्येक मुलाला वर्षभराच्या वह्या मिळतील. पैशापेक्षा अवघड आहे ती माणसं मिळणं. रोज संध्याकाळी अर्धा तास, वर्षभर, मोबाईल खिशात ठेवून लेकरांच्या शेजारी बसायचं आणि त्यांच्यासोबत स्वतःही लिहायचं. हो, आपणही. आम्ही वर्गात पहिल्यांदा 'माझे बाबा' या विषयावर लिहायला बसलो तेव्हा आमच्यातल्या पदवीधरांनाही पहिली दहा मिनिटं ऑफिसला जाणारे बाबाच आठवत होते. स्वतःचा बाप कागदावर उतरायला वेळ लागला.

म्हणून आमचा ठराव साधा आहे आणि तो आम्ही जाहीरपणे मांडतो. येत्या १४ एप्रिलला पाचोडच्या आमच्या मांडवात एकही मूल मोठ्यांनी लिहिलेलं भाषण करणार नाही. प्रत्येक जण स्वतः लिहिलेला कागद हातात धरून वाचेल. तो कागद चार ओळींचा असेल. वाचताना कुणी अडखळेल, कुणी रडेल, कुणी 'बाबासाहेब' लिहिताना वेलांटी चुकलेली असेल. टाळ्या कदाचित कमी पडतील आणि पुढाऱ्यांना ते कंटाळवाणं वाटेल. त्यांना थोडं बसू द्या.

बक्षीस मिळालेल्या त्या मुलीला आम्ही हे सांगितलं. ती म्हणाली, "मग मी काय लिहू?" आम्ही तिला विषय दिला नाही. दोन दिवसांनी तिने वहीचं पान आणून दिलं. त्यावर एकच ओळ होती: "बाबा ऊस तोडायला गेले की आमच्या घराला कुलूप असतं आणि मी आजीकडं राहते, तर मला कुलूप आवडत नाही."

तिला आम्ही शोषणाची व्याख्या शिकवायला निघालो होतो. ती तिच्याकडे आधीपासून होती, लिहून मागायचं आम्हालाच सुचलं नव्हतं.

तुमच्या वस्तीत हे सुरू करणार असाल तर जूनची वाट पाहू नका. आज संध्याकाळी पाच लेकरं आणि पाच वह्या गोळा करा आणि त्यांच्यासोबत लिहायला बसा.

जय भीम. जय ज्योती. जय सावित्री.